देवी जेवतात तेवढा वेळ

पडद्यावर लाल पट्टी आली: 'परीक्षार्थीशिवाय दुसरी व्यक्ती आढळली आहे. सूचना पहिली.'

रत्नप्रभाने मान वळवली. मागे दीनानाथ बनियनवर उभे राहून माठातलं पाणी पीत होते.

"अहो, बाजूला व्हा ना! तुम्ही दिसून राहिले त्यात."

"मी? मी तर पाणी पिऊन राहिलो."

"पाणी पिणारासुद्धा माणूसच असतो. व्हा तिकडे."

ते हसले आणि पेला ओट्यावर ठेवून निघून गेले. ओट्यावर ठेवलेला पेला आपोआप विसळला जातो, असा त्यांचा चोवीस वर्षांचा अनुभव होता. रत्नप्रभाने पुढचा प्रश्न वाचायला घेतला तोच कुकरने शिट्टी दिली. 'आवाज आढळला आहे. सूचना दुसरी.' तिने धावत जाऊन गॅस बंद केला, परत येऊन बसली, पदराने कपाळ पुसलं. मग सलील आला. वीस वर्षांचं पोरगं, कानात बोंडं अडकवलेली, त्यामुळे आवाज मंगल कार्यालयात हाळी दिल्यासारखा.

"आई, माझा निळा टी-शर्ट कुठाय?"

'सूचना तिसरी. आपली परीक्षा बंद करण्यात येत आहे.'

सराव परीक्षाच होती, म्हणून निभावलं. खरी परीक्षा अकरा दिवसांनी होती, दोन तासांची. रत्नप्रभाची सरावात अठरा मिनिटं टिकली होती.

यवतमाळच्या एका शाळेत रत्नप्रभा गेली एकोणीस वर्षं ग्रंथालय परिचर होती. परिचर म्हणजे पुस्तकं झटकायची, लावायची, फाटली तर चिकटवायची, आणि ग्रंथपालांनी "अमुक पुस्तक काढा" म्हटलं की काढून द्यायचं. या एकोणीस वर्षांत चार ग्रंथपाल आले आणि गेले. त्यांतल्या दोघांना पुस्तकांच्या वर्गीकरणातले आठशे एक्क्याण्णवच्या पुढचे आकडे धड सांगता येत नव्हते. रत्नप्रभाला डोळे मिटून सांगता यायचे. पण खुर्चीवर ते बसायचे आणि शिडीवर ती चढायची. आताच्या इंदुताई भल्या बाई होत्या. त्याच म्हणाल्या, "रत्नप्रभा, मी डिसेंबरात रिटायर होते. जागेची जाहिरात ऑक्टोबरात निघेल. तेवढी बी. लिब. करून टाक. पदवी हातात असली तर तुला डावलायची कोणाची हिंमत नाही."

तिने प्रवेश घेतला. घरबसल्या शिक्षण, सगळं ऑनलाइन. घरबसल्या हा शब्द कोणी काढला असेल त्याच्या घरात बहुधा बायकोच नसावी. रत्नप्रभा घरी बसत कधी होती? तिने धडे ऐकले ते भाजी निवडताना, स्वाध्याय लिहिले ते कणकेच्या डब्यावर वही ठेवून. तरी आठही पेपरांत सत्तरच्या खाली कधी आली नाही. आता एकच राहिला होता, वर्गीकरणाचा, म्हणजे तिच्या हातचा मळ. निकाल सप्टेंबरअखेर, जाहिरात ऑक्टोबरात. पेपर सुटला की पुढची संधी सहा महिन्यांनी, आणि तोवर खुर्चीवर पाचवा कोणीतरी बसलेला असणार.

या घरात दार लागणारी खोली एकच होती, आणि ती सलीलची होती.

सलीलही ऑनलाइनच शिकत होता. पुण्याच्या कुठल्याशा विद्यापीठाचं बीसीए. त्याच्यासाठी दीनानाथांनी कर्ज काढावं तसा उत्साह काढला होता. गरगर फिरणारी खुर्ची, मोठं टेबल, भिंतीवर नेटची पेटी, कूलर. दारावर सलीलने स्वतः चिठ्ठी लावली होती, 'क्लास चालू आहे, ठोकू नये.' रत्नप्रभा रोज सकाळी ते टेबल पुसायची आणि रोज तिच्या पोटात कळ उठायची. काही दिवस तिने त्या कळीला पित्त म्हणून पाहिलं. मग एकदा, ओल्या फडक्याने खुर्चीचे हात पुसता पुसता, तिला कळलं की हे पित्त नाही, हा हेवा आहे. पोटच्या पोराचा हेवा. तिला स्वतःची लाज वाटली, पण लाजेने हेवा काही कमी झाला नाही. उलट त्या पोराचे दोन विषय राहिले तेव्हा तिला आतून थोडं बरंच वाटलं. दात आहेत तिथे चणे नाहीत आणि चणे आहेत तिथे दात नाहीत, असं ती मनाशी म्हणाली, आणि त्याच्यासाठी शिरा करायला घेतला.

सराव परीक्षेच्या संध्याकाळी तिने विषय काढला.

"सलील, त्या दिवशी अकरा ते एक तुझी खोली दे मला."

"त्या दिवशी? आई, माझी टेस्ट आहे ना. अकरालाच."

"मग तू स्वयंपाकघरात बसून दे."

तो हसला. खोटं नव्हतं ते हसू, त्याला खरंच गंमत वाटली. "स्वयंपाकघरात कोणी टेस्ट देते का?"

"मी आठ दिल्या."

दीनानाथ वर्तमानपत्रातून म्हणाले, "अगं, त्याचं करिअर आहे. तू काहून इतकी मनाला लावून घेऊन राहिली? तुझा पेपर काय, पुढच्या वेळी देता येईल." मग तारीख ऐकून त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आणि त्या दिवशी तर महालक्ष्म्यांचं जेवण आहे! तू बसशील कुठे?"

हे तिला तारीख कळली त्या दिवसापासून माहीत होतं. ज्येष्ठा-कनिष्ठा अडीच दिवस घरी येणार, मधल्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील, दुपारी दीडला दिरांकडचे सगळे पानावर. त्या दिवशी घर सोडून कुठे जायचं तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं. शाळेला स्थानिक सुट्टी, तिथलं ग्रंथालयही बंद.

रात्रीची भांडी व्हायच्या आत तिने सोनूला फोन लावला.

सोनू राठोड तिच्या वर्गातली, बोरी अरबच्या पलीकडच्या तांड्यावरची, वय सव्वीस. दर रविवारच्या तासाला कॅमेरा सुरू ठेवावा लागे, त्यामुळे एकमेकींची घरं दिसत. सोनूच्या मागे निळा रंग दिलेली मातीची भिंत आणि वर टिनाचं छत. पहिल्या दिवशी रत्नप्रभाला तिची फार दया आली होती. बिचारी, कशी अभ्यास करत असेल! दया करायला मिळाली की माणसाला आपली जागा जरा उंच वाटते. रत्नप्रभाला ती उंची दोन महिने पुरली.

मग एका रविवारी सोनूच्या आवाजामागून कोणा पुरुषाचं ओरडणं आलं, चहा मागत होता. आणि त्याच्यावर एका म्हातारीचा आवाज असा चढला की सरसुद्धा शिकवायचे थांबले. पुरुष गप्प झाला. रत्नप्रभाने नंतर विचारलं होतं तेव्हा सोनू लाजली.

"आमची याडी हाय ते. सासू, बिजलीबाई. मी तिले याडीच म्हणतो, आईच."

"ओरडल्या कोणावर?"

"तिच्याच पोरावर. शामवर. ताई, माझा तास असला का ते दारात आडवी बाज टाकून बसते, तुरी निवडत. कोनाले आत येऊ देत नाही. सरपंच आलता एकदा, त्यालेही म्हने, छोरी शिकून राह्यली, नंतर या."

त्या रात्री रत्नप्रभाला झोप लागली नव्हती. त्या म्हातारीचं शिक्षण दुसरी पास. आणि रत्नप्रभाच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या, भिंतीवर पदव्यांच्या तसबिरी. तिला सोनूच्या सासूचा हेवा वाटला, बाजेचा हेवा वाटला, मातीच्या भिंतीचाही वाटला. दया गेली ती कायमची.

आता फोनवर तिने तारखेचं सांगितलं, तेव्हा सोनू म्हणाली, "ताई, घरच्याइले सांगून द्या ना सरळ. दोन घंट्याची तर गोष्ट हाय."

"हो, सांगते," रत्नप्रभा म्हणाली आणि तिला सोनूचाच राग आला. ज्याच्या दारात बाज आहे त्याने सांगावं!

तोड तिला महालक्ष्म्यांनीच दाखवली. आवाहनाच्या दिवशी पुढच्या खोलीतला सोफा हलवून तिने मखर मांडलं, कोठ्यांवर साड्या नेसवल्या, मुखवटे चढवले, पुढे दोन बाळं बसवली. पहिल्या दिवशी सलील दारातूनच "आई, चप्पल काढू का?" म्हणून विचारत आत आला. दीनानाथ खोलीत हळू आवाजात बोलू लागले. या घरात इतक्या हळू आवाजात कोणासाठी बोललेलं रत्नप्रभाने ऐकलं नव्हतं. ती मोठीच्या नथीत मोती नीट करत होती आणि तिच्या मनात आलं, तुमचं बरं आहे बायांनो. अडीच दिवसांच्या पाहुण्या, पण खोली मिळाली.

आणि मग आठवलं की या घरची रीत अशी होती: नैवेद्य दाखवला की खोलीचं दार ओढून घ्यायचं. देवी जेवतात. त्या जेवत असताना कोणी आत बघायचं नाही. दरवर्षी दहा मिनिटं.

जेवणाच्या दिवशी ती पहाटे साडेतीनला उठली. साडेदहाला सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, सगळं तयार होतं. तिने पानं मांडली, दीनानाथांनी नैवेद्य दाखवला. ते उठले तशी ती म्हणाली, "आता एक वाजेपर्यंत दार उघडायचं नाही."

"एक? दरवर्षी तर दहा मिनिटं असते."

"यंदा सावकाश जेवू द्या त्यांना. आणि आत माझा पेपर आहे, मी सांगितलं होतं."

"हो, हो," दीनानाथ म्हणाले. पेपरचं ऐकून नव्हे. बंद दाराला हात जोडून त्यांनी खरोखर आवाज खाली आणला आणि सलीललाही म्हणाले, "हळू बोल रे, देवी जेवून राहिल्या."

आत तिने सलीलचा जुना लॅपटॉप काढला. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली, वायर लावल्याशिवाय चालत नव्हता, आणि भिंतीतला बोर्ड मखराच्या बाजूला. ती पाटावर बसली, पाठ देवींकडे, तोंड दाराकडे. अकराच्या ठोक्याला पेपर उघडला आणि लगेच लाल पट्टी आली.

'परीक्षार्थीशिवाय दुसरी व्यक्ती आढळली आहे. सूचना पहिली.'

तिने दाराकडे बघितलं. बंद होतं. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा चेहरा होता, आणि खांद्यावरून मोठे डोळे, नथ, कुंकू, ज्येष्ठा तिच्या प्रश्नपत्रिकेत डोकावत होती. ती घाईने सरकली तर दुसऱ्या खांद्यावर कनिष्ठा आली. 'सूचना दुसरी.'

देवींच्या तोंडावर पडदा टाकायचा विचार तिच्या मनात आला आणि तिने स्वतःच कानाला हात लावला. जेवत्या पानावरून कोणाचं तोंड झाकतात का? तिने पाट उचलला, वायर ताणली आणि फिरून बसली. आता देवी तिच्यासमोर होत्या, आणि पाठीमागे दार होतं. दाराची आतली कडी गेल्या दिवाळीपासून तुटलेली होती. "बसवून घेऊ," असं दीनानाथ दिवाळीपासून म्हणत होते.

तिने वाचायला सुरुवात केली. पहिला प्रश्न सोपा होता, दुसराही. दहाव्यापर्यंत तिने घड्याळाकडे बघणं सोडलं. विसाव्यापर्यंत ती पाठीमागचं दार विसरली. बाहेर कोणी हाक मारत नव्हतं, कुकर नव्हता, चहा नव्हता. समोर समई, दोन देवी शांतपणे जेवत होत्या आणि त्यांच्यासमोर ती बसली होती. तिच्या आयुष्यात कोणी तिला असं पाऊण तास एकटं सोडलं नव्हतं. प्रत्येक उत्तर तिला कपाटासकट दिसत होतं: हे दुसऱ्या कपाटात, तिसऱ्या फळीवर, याचा पुठ्ठा मी चिकटवला आहे. बारा वाजून वीस मिनिटांनी तिचे ऐंशीतले एकोणसत्तर प्रश्न झाले होते आणि त्यातला एकच तिला अडला होता. तिला हसू आलं. ऑक्टोबरची जाहिरात तिला समोर दिसत होती.

दार उघडलं.

"आई, अजून किती वेळ? भूक लागली ना."

तिने मागे पाहिलं नाही. पडद्यावर तिच्या खांद्यामागे सलीलचा चेहरा स्वच्छ दिसत होता, झोपेतून उठलेला, केस उभे. त्याच्यावर लाल पट्टी आली. 'सूचना तिसरी. आपली परीक्षा बंद करण्यात येत आहे. हा प्रयत्न ग्राह्य धरला जाणार नाही.' मग पडदा पांढरा झाला.

"तुझी टेस्ट?" तिने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बराच साधा निघाला.

"ते पुढे ढकलली. दहालाच मेसेज आलता. मी जरा पडलो होतो..." मग त्याची नजर लॅपटॉपवर गेली. "आई... गेला का पेपर?"

"मी तुझ्या खोलीचं दार कधी न वाजवता उघडलं आहे का रे?"

तिला मनातून फार वाईट काहीतरी बोलायचं होतं, जन्मभर लक्षात राहील असं. ते तोंडापर्यंत आलं. समोर पानं वाढलेली होती. तिने ते गिळलं.

दीनानाथ मागून आले. "काय झालं? बंद पडलं का?" मग म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वेळी दे. चला, आता देवींचं झालं असेल तर पानं घेऊ, दादा निघाले घरून."

तिने समईची वात सारखी केली, लॅपटॉप बंद करून मखरामागे ठेवला आणि पदर खोचून बाहेर गेली. दीडला पंगत बसली. तिने वाढलं. मोठे दीर पुरणाचं कौतुक करत होते. दीनानाथ अभिमानाने म्हणाले, "आणि हे सगळं करून आज पेपरही दिला तिने!" सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. सलीलने खाली मान घातली आणि पोळी तुकडे करत बसला. कोणी विचारलं नाही की कसा गेला. तिने कढीचं भांडं उचललं आणि म्हणाली, "वाढू का?"

विचारलं ते सोनूने. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, कसा गेला? मले तर चाळिसावा काही समजलाच नाही. बाकी लई सोपा होता, न्हाई का?"

रत्नप्रभा म्हणाली, "हो. छान गेला."

"मले मालूम होतं. तुमी तर पहिल्या येसान." पाठीमागे बिजलीबाई काहीतरी ओरडल्या, सोनू हसली. "याडी इचारते, शहरातल्या ताईचा पेपर कसा गेला. मी म्हनलं, त्याईले काय!"

फोन ठेवून रत्नप्रभा मोरीत जाऊन रडली, आणि नळ सोडून रडली, म्हणजे आवाज जायला नको.

सप्टेंबर संपला. सोनू पास झाली, एकाहत्तर टक्के. रत्नप्रभाच्या नावापुढे 'अनुपस्थित' असं आलं. घरात बसूनही ती अनुपस्थित. दीनानाथांना वाईट वाटलं. त्यांनी लगेच सुतार बोलावून पुढच्या खोलीला नवी पितळी कडी बसवून घेतली आणि म्हणाले, "आता पुढच्या वेळी काळजी नाही." सलीलने आपल्या दारावरची चिठ्ठी काढून टाकली होती. दोन दिवस तो तिला टेबल पुसू देत नव्हता, स्वतःच पुसायचा. तिसऱ्या दिवशी विसरला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या फळ्यावर जाहिरात लागली. इंदुताईंनी ती तिला स्वतः दाखवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. रत्नप्रभाने ती वाचली. मग खिशातून, म्हणजे पर्सच्या आतल्या कप्प्यातून, फोन काढून जाहिरातीचा फोटो घेतला. अर्जाची शेवटची तारीख शनिवार होती.

शुक्रवारपर्यंत तो फोटो तिच्या फोनमध्ये पडून राहिला. रोज ती तो उघडायची आणि बंद करायची. सोनूला तर हे माहीतच नव्हतं. तांड्यावर कोण सांगणार? आणि रत्नप्रभा कशाला सांगेल? जिला सगळं आहे तिला आणखी कशाला द्यायचं? तिची निळी भिंत, तिची सासू, तिचे एकाहत्तर टक्के. आपले एकोणसत्तरच प्रश्न झाले होते तरी पंच्याऐंशी टक्के आले असते. उद्या ती पोरगी त्या खुर्चीवर बसेल आणि आपण तिच्यासाठी शिडी चढू. हा विचार आला की ती फोन उलटा ठेवून द्यायची.

पण दुसराही एक विचार होता, आणि तो जात नव्हता. त्या खुर्चीवर कोणीतरी बसणारच होतं. एकोणीस वर्षांत ज्यांनी आठशे एक्क्याण्णव धड म्हटलं नाही त्यांच्यासारखाच एखादा. तो पुस्तकं कशीही लावायला सांगेल आणि ती लावत बसेल.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर तिने हातपाय धुतले, चहा टाकला नाही, पुढच्या खोलीत गेली आणि नवी कडी लावून घेतली. कडी जड होती, अंगठा रुतला. सोफ्यावर बसून तिने नंबर लावला.

"सोनू, मी खोटं बोलले होते तुला. माझा पेपर बंद पडला."

"काय म्हनता ताई! काहून?"

"ते राहू दे. ऐक. आमच्या शाळेत ग्रंथपालाची जागा निघाली आहे. फोटो पाठवते. उद्याचा दिवस आहे फक्त, सकाळच्या बसने निघ आणि कागद घेऊन ये."

"ताई, पण ते तर तुमची जागा..."

"माझी असती तर मी तुला फोन केला असता का?" रत्नप्रभाचा आवाज चढला. "तुझा हेवा वाटतो मला, सोनू. खरं सांगते, फार वाटतो. तुझं भलं व्हावं म्हणून मी नाही सांगत आहे. पुस्तकं नीट राहावी म्हणून सांगते. लागलीस तर कुठलं कुठे आहे ते मी दाखवीन. पण माझ्याने तुला लगेच मॅडम म्हणवणार नाही, थोडे दिवस दे."

सोनू रडत होती की हसत होती ते तिला कळलं नाही.

दारावर थाप पडली. मग हलकेच कडी वाजली. "अगं, आत काय करून राहिलीस? चहा नाही का आज?" दीनानाथ होते. त्यांच्यामागे सलीलचाही आवाज आला. "आई?"

रत्नप्रभाने फोनवर हात ठेवला.

"थांबा तिकडेच," ती म्हणाली. "मी बोलते आहे."

बाहेर दोघं गप्प झाले. त्यांची पावलं गेल्याचा आवाज आला नाही, ते दारातच उभे असावेत. तिने फोन पुन्हा कानाला लावला आणि सोनूला कोणकोणते कागद आणायचे ते एकेक करून, घाई न करता सांगायला लागली.